नात्याचा रकाना

“नातं : सासू. एवढंच लिही आणि सही कर,” पोस्टमास्तर स्पास यांनी अर्ज पुढे सरकवला. “सासू-सासरे गेले की दोन दिवसांची पगारी रजा. कायदाच आहे तसा.”

टपालाची पिशवी खांद्यावर तशीच ठेवून वेलिचका उभी होती. पेना आजी पहाटेच गेली होती.

“सासू कसं लिहू, साहेब? काडीमोड होऊन अकरा वर्षं झाली.”

“ते आपल्या गावाला ठाऊक. तिकडे राजधानीत, सोफियात बसून कोण कागद मागतंय?”

“कुणी नाही मागणार. पण सासू लिहिलं, की मी क्रुमची बायको ठरते. दोन दिवसांपुरतीसुद्धा नको.”

स्पासना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं.

क्रुम कामासाठी जर्मनीला गेला आणि तिकडचाच झाला. काडीमोडाचा कागद आला त्या दिवशी वेलिचका बोचकं बांधून निघाली होती. पेना आजीनं दार अडवलं. “सोडून गेला तो माझा पोरगा. तू कुठं चाललीस? चूल पेटव आधी.”

वेलिचका राहिली. दिवसा डोंगरातल्या चार वाड्यांवर टपाल वाटायची, संध्याकाळी म्हातारीशी भांडत जेवायची. शेवटची तीन वर्षं आजी अंथरुणाला खिळली, पण पडून राहून होतो तसा एकही व्रण तिच्या पाठीला झाला नाही. डॉक्टर ही गोष्ट दुसऱ्या गावांत जाऊन सांगायचे.

“मग रकान्यात लिहायचं काय?” स्पासनी विचारलं. “तुझ्यासाठी कायद्यात शब्द नाही, पोरी.”

“नसू दे. इतकी वर्षं माझं कुठं अडलं त्याच्यावाचून? बिनपगारी रजा द्या.”

तिनं दुसरा अर्ज घेतला आणि ठसठशीत अक्षरात सही केली. स्पासनी शिक्का मारला आणि उठून तिच्या खांद्यावरची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली.

“साहेब, वरच्या वाडीची चढण आहे.”

“माहीत आहे. तू घरी जा.”

दुसऱ्या दिवशी क्रुम विमानानं आला. काळा कोट, नवे बूट. कारखान्यानं मुलगा म्हणून लगेच रजा दिली, असं तो भेटेल त्याला सांगत होता. कबरीवर माती पडली, पाद्रीबुवांची प्रार्थना संपली. आता उकडलेल्या गोड गव्हाचा प्रसाद घरच्या माणसानं वाटायचा. क्रुम पुढे झाला, त्यानं हात पसरले.

शेजारची इस्क्रा म्हातारी परात घेऊन त्याच्यासमोरून गेली आणि वेलिचकापाशी थांबली.

“धर गं,” ती म्हणाली. “लोक खोळंबलेत.”

क्रुम खाली बघत बाजूला सरला. वेलिचकानं डोक्यावरचा काळा रुमाल नीट केला आणि परात घेतली. पहिला चमचा तिनं क्रुमच्या तळहातावर ठेवला, लांबून आलेल्या पाहुण्याला आधी द्यावा तसा.