वैशाखातली शेकोटी

तापीकाठच्या चव्वेचाळीस अंशांत गिरधर पाटलांनी दिवाणखान्यात लाल विटांची फायरप्लेस बांधली होती. गाव तिला पाटलाची शेकोटी म्हणे. दोन वर्षांत ती एकदाच पेटली: परवा, भर वैशाखात, टळटळीत दुपारी.

आज ती घासायला दगूबाईला बोलावलं. पंधरा वर्षं वीटभट्टीवर काढलेली बाई. तिला माणसांपेक्षा विटा जास्त कळत.

"चार वाजापावत चकाचक पाहिजे," गिरधर म्हणाले. "शहाद्याथून व्याही यी ऱ्हायनात."

सून मयूरी दवाखान्यात होती, डोक्याला अकरा टाके. ती जिन्यावरून पडली, असं घरात एकमताने ठरलं होतं. जबडाही बांधलेला असल्याने मयूरीचं मत कोणी विचारलं नव्हतं. व्याह्यांना जिना पटला, की टाके निघताच पोर परत याच घरात येणार होती.

दगूबाईने आधी कोरडा ब्रश मारला. काजळीवर आधीच पाणी टाकलं तर ती विटेच्या पोटात शिरते. मग सोड्याचा लेप. कमरेच्या उंचीवर काळं निघालं आणि त्याखालून तपकिरी लागलं, पसरट, ओघळलेलं. सांध्यात एक लांब केस अडकलेला.

"रगत थंडा पानीमा धोवानं ऱ्हास, भाऊ," ती पाठमोरीच म्हणाली. "गरम कोणी वतं?"

गिरधरांचा मुलगा, मयूरीचा नवरा भावेश सोफ्यावरून उठला. तो शेतकी पदवीधर होता. हे अभ्यासक्रमात नव्हतं. गरम पाण्याने डाग पक्का झाला, म्हणून तो काजळीखाली लपवायला त्याने जाळ केला. आणि वैशाखातल्या जाळाचं कारण व्याह्यांना सांगता येईना, म्हणून दगूबाई.

"घास."

"निंघाव नही."

त्याने तिचा अंबाडा धरला आणि कपाळ विटेवर आपटलं. एकदा. भुवई फाटली. दुसऱ्यांदा दात ओठात घुसला. "आते निंघस का?"

"तोंडवर नको रे," गिरधर अनुभवाने म्हणाले. "पाहुणा येतीन."

अंगणात गाडी वाजली. "तेवढं परत काळं कर आणि मागल्या दारथून निंघ," म्हणत बापलेक हसरे चेहरे करून बाहेर गेले.

दगूबाईने पदराने डोळा पुसला. राखेत हात घातला, थांबली. मग ब्रश उचलला आणि डाग सोडून उरलेली भिंत घासली. विटा भट्टीतून काढल्यासारख्या लाल झाल्या. मधोमध तपकिरी तेवढं राहिलं.

मयूरीचे वडील गोपालभाई आत आले नि थबकले; मागोमाग बापलेक. "बाई, काय व्हयनं?"

"जिनावरथून पडनू, भाऊ." तिने विटेवर बोट ठेवलं. "आठेच. तुमनी पोर पडनी, तोच जिना."

गोपालभाईंनी तो केस ओढून काढला. बोटाला गुंडाळला. शेजारी सुरतेहून आणलेली निखारे सारायची लोखंडी सळई टांगलेली होती, अजून कोरी. ती त्यांनी उचलली.

पहिला घाव भावेशच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज गिरधरांच्या "व्याही, बसा तर खरं" मध्येही ऐकू आला. दुसरा तोंडावर.

"मन्ही पोर आठे येवाव नही," गोपालभाई धापा टाकत म्हणाले.

विटांवर नवे थेंब उडाले होते. गिरधर बादलीकडे धावले. दगूबाईने ती पायाने मागच्या दाराबाहेर लोटली, चप्पल घातली आणि निघाली.