माइट बघणारी मुलगी

पीएच.डी.चा विषय बापाच्या हातात असता, तर बापूसाहेबांनी मुग्धाला संतवाङ्मय दिलं असतं. तिने घेतले माइट. मातीत राहणारे, आठ पायांचे, साध्या डोळ्यांना धड न दिसणारे जीव. माती बिघडली की आधी हे नाहीसे होतात, म्हणून कुठे सांडपाणी मुरलं की ही पोरगी तिथली माती आणून माइट मोजत बसे. नांदेडच्या घरी फ्रीजमध्ये दुधाच्या पिशवीला लागून नाल्याकाठच्या मातीची पिशवी असे. निवृत्त मुख्याध्यापकाने तेही सोसलं. पण स्थळं यायची, "मुलगी काय करते?" विचारायची, मुग्धा मनापासून सगळं सांगायची आणि पाहुणे पोहे अर्धे टाकून उठायचे. हे मात्र त्यांना सोसवेना.

म्हणून रेणापूरच्या स्थळावर त्यांचा भारी जीव. मुलगा वैजनाथ कृषी पदवीधर, घरचीच शेती करणारा. मुलगी बघायला तो वडिलांबरोबर नांदेडला आला तेव्हा त्याने माइटबद्दल इतकं विचारलं, की चहावर साय धरली. त्याचे वडील शेषेराव तर आपल्या रानात कीडनाशक औषधाचा थेंब पडू देत नाहीत म्हणून पंचक्रोशीत मिरवत. आता मुलीकडच्यांनी घर बघायला जायचं होतं.

"तिथे मातीला हात लावायचा नाही," बापूसाहेबांनी गाडीत बजावलं.

"बरं, बाबा," मुग्धा म्हणाली. भिंग पर्समध्ये होतंच.

रेणापूरला धपाटी झाली, दही झालं, मग सगळे शेतात गेले. असं शेत बापूसाहेबांनी जन्मात पाहिलं नव्हतं. बांध झाडलेले, आंब्याखाली एक पान नाही. वैजनाथची आई कस्तुराबाई खराटा घेऊनच मागे फिरत होत्या आणि वरून पान पडायचा अवकाश, बाजूला लोटत होत्या. बापूसाहेबांना घर पसंत पडलं. मुग्धाचं तोंड मात्र उतरलं, कारण कुजणारा पालापाचोळा हेच तिच्या माइटचं घर.

"काका, एक ताट, पाणी आणि मीठ मिळेल? इथली माती बघते."

बापूसाहेबांनी कपाळाला हात लावला.

"बघा की!" शेषेराव फुलले. "कुठलीबी घ्या. ह्या रानाला औषधाचा वास ठाऊक न्हाई."

मुग्धाने मूठभर माती मिठाच्या पाण्यात कालवली. वर तरंगलेल्या कचऱ्यावर भिंग धरून ती बराच वेळ बसली.

"काहीच हलत नाही," ती म्हणाली. "इतकं सामसूम मी फक्त नाल्याकाठी पाहिलंय. काका, इथे औषध पडलंय."

शेषेरावांच्या मिशा थरथरल्या. "पोरी, तुजं भिंग बिघडलं आसंल."

"बिघडलंच असणार!" बापूसाहेब घाईघाईने म्हणाले. "जुनं आहे ते!"

मुग्धाने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही, आणि म्हणूनच बापूसाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका सोयरिकीसाठी आपण लेकीला चारचौघांत खोटं पाडलं. या भिंगातून आपण कधी डोकावलोही नाही, हेही त्यांच्या ध्यानात आलं. धोतर सावरून ते खाली बसले आणि त्यांनी ते मागून घेतलं.

मोहरीहून बारीक, तपकिरी मणी. पाय आखडून घेतलेले. एक, दोन... ताटभर.

"अगं, हे तर पुष्कळ आहेत!"

"आहेत ना, पण मेलेले. आणि ताजे आहेत, बाबा. जुने असते तर कुजून गेले असते. परवापर्यंत हे रान नुसतं भरलेलं होतं."

"मग मारलं कुणी?" शेषेराव गरजले.

कस्तुराबाईंनी पदर तोंडाला लावला. "म्या."

"तू?"

"काल तुमी तालुक्याला गेल्यावर फवारनीवाल्या ईश्वरप्पाला पंप घिऊन बोलिवलं. सोयरिकीत मधे पडलेले उमाशंकर म्हनले, पोरगी मातीतले किडे मोजती. म्हनलं, सून बघायला येनार आन् आपल्या रानात किडे निघनार? नाक कापलं जाईल की!"

शेषेराव मटकन बांधावर बसले. इतक्या वर्षांचा तोरा, आणि तो बायकोने पाहुणचारात संपवला. तेवढ्यात वैजनाथ मुग्धाशेजारी उकिडवा बसला आणि ताटात बघत म्हणाला, "परत यायला किती दिवस लागतील ह्यांना?"

मुग्धाचा चेहरा उजळला. "तेच बघायला हवं! पण दर पंधरवड्याला माती काढावी लागेल."

"मी धाडत जाऊ?"

"नको, त्याची पद्धत असते. मीच येत जाईन."

"आन् दर येळी नांदेडवरून हेलपाटा?" कस्तुराबाई पदराआडून म्हणाल्या. "लई लांब पडतंय, माय. इथंच ऱ्हा की."

वैजनाथ कानापर्यंत लाल झाला. मुग्धा मान खाली घालून ताटातलं पाणी बोटाने ढवळत राहिली.

"राहीन," ती म्हणाली. "पण आंब्याखाली कुणी झाडायचं नाही."

तिचा विचार बदलायच्या आत बापूसाहेब उठले आणि विहीणबाईंच्या हातातला खराटा त्यांनी काढून घेतला.