वाटीचं माप

जुनी शहरं बघायला गेलं की माणसांचे पाय दुखतात. ताईच्या मात्र पहिल्या दिवसापासून पोटात दुखत होतं, आणि स्वतःचं औषधांचं दुकान असूनही त्यावरची गोळी तिच्याकडे नव्हती.

कारण साधं होतं. आईने आपली पाककृतींची वही, तीच ती पुठ्ठ्याची, पानापानावर तेलाचे डाग पडलेली, सुनेला दिली होती. पोटच्या पोरीला नाही, सुनेला! सून म्हणजे ताईच्या धाकट्या भावाची बायको, ग्रंथालयात काम करणारी, नोंदी करण्यात पटाईत. तिने सगळी वही टॅबवर चढवायला घेतली होती. गोड, तिखट, आजारपणातलं, घाईतलं असे कप्पे पाडले होते आणि प्रत्येक पदार्थाखाली आईची एकेक आठवण लिहिली होती. सुट्टी संपली की ती फाइल झाडून साऱ्या नातलगांना जायची होती. म्हणजे यापुढे आईच्या हातची चव कुणाला हवी असली की लोक सुनेला विचारणार, आणि ताई बसणार हात चोळत.

किल्ल्याच्या तटबंदीवर चढताना आईने सुनेचा दंड धरला. ताईने पुढे केलेला हात तसाच राहिला, मग तिने त्याच हाताने उगाच केस सारखे केले. वर बाकावर टेकल्याबरोबर सासूसुनेची डोकी टॅबवर वाकली.

"आई, तुमची चिमूट म्हणजे नेमकी किती हो?"

"अगं, चिमूट ती चिमूट!" म्हणत आई खुदकन हसली. ताईसमोर ती अशी हसल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे.

"ताई, या दोघींचा फोटो काढ ना," धाकटा भाऊ म्हणाला. ताईने काढला. मुद्दाम तिरका काढला.

तिला एकाच गोष्टीचा आधार होता. वहीत जागोजागी 'वाटी' लिहिलेलं होतं, आणि ती वाटी ताईकडे होती. लहानशी, एका कडेला चेपलेली. बावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन निघताना तिने ती गुपचूप बॅगेत टाकली होती. दुकान काढल्यावर एकदा सहज तिच्यात पाणी भरून मोजपात्रात ओतून पाहिलं, तर भरलं पंच्याऐंशी मिलिलिटर. सुनेने टॅबवर लिहिलं होतं, एक वाटी म्हणजे दीडशे. ताईने ते पहिल्याच दिवशी वाचलं आणि मूग गिळून बसली. सगळंच वाटीने घेतलं असतं तर प्रमाण टिकलं असतं, पण अंडी दोन म्हणजे दोनच आणि बेकिंग पावडर चमचाभर म्हणजे चमचाभरच. होऊ दे फजिती, ताई मनात म्हणाली. चारचौघांत होऊ दे.

तिसऱ्या दिवशी झाली. भाड्याने घेतलेल्या घरात ओव्हन होता, म्हणून फाइलमध्ये फोटो हवा या निमित्ताने सुनेने आईचा संत्र्याचा केक केला. तो फुगलाच नाही. सुरी टेकवली तर ठक्क आवाज आला.

"तटबंदीचा दगड निखळलाय म्हणत होते, तिथे बसवून येऊ या," धाकटा म्हणाला. सगळे हसले. ताई सगळ्यांत मोठ्याने हसली.

आई हसली नाही. तिने वही ओढून घेतली, वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. "तीन वाट्या मैदा, दोन अंडी. माझंच अक्षर आहे हे. मग इतकी वर्षं मी काय करत होते?"

"माझंच काहीतरी चुकलं असेल, आई," सून म्हणाली.

"नाही गं, तू लिहिल्याप्रमाणेच केलंस. माझंच डोकं चालेनासं झालंय. ती फाइल नको पाठवूस कुणाला. म्हातारीला भ्रम झालाय म्हणतील."

ताई हसायची थांबली. पण बोलायचं म्हणजे आधी चोरी कबूल करायची, आणि वर सुनेची फाइल आपल्याच हाताने बिनचूक करून द्यायची! ते तिच्या अगदी जिवावर आलं. ती बशा उचलून धुवायला निघून गेली.

चौथ्या दिवशी ते जुन्या बाजारात गेले. तिथल्या भिंतीत दगडाचे लहानमोठे खळगे कोरलेले होते. ती शहराची मापं होती. माहिती सांगणारी बाई म्हणाली, "बाहेरून आलेल्या व्यापाऱ्याला आधी आपलं माप इथे पडताळून घ्यावं लागे. ज्याचं खोटं निघे त्याला दिवसभर इथेच, सगळ्यांसमोर उभं करत."

ताईने नजर चुकवली. आईने सगळ्यांत लहान खळग्यात हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"मापं अशी दगडात हवीत," ती हळूच म्हणाली. "माझ्या डोक्यात होती, ती गेली."

"गेली नाहीत!" ताई एकदम बोलून गेली. "आई, वाटी माझ्याकडे आहे."

"कुठली वाटी?" सुनेने विचारलं.

"आईची, चेपलेली. लग्नाच्या वेळी मी नेली. ती दीडशेची नाही, पंच्याऐंशीची आहे. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तरी मी बोलले नाही."

"का पण?" धाकट्याने विचारलं.

"का म्हणजे? जळत होते म्हणून!" ताई इतक्या मोठ्याने म्हणाली की माहिती सांगणारी बाईसुद्धा थांबली.

आईने सुटकेचा सुस्कारा सोडला. "म्हणजे माझं डोकं जाग्यावर आहे." तिच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता, आणि तेच ताईला जास्त लागलं.

सुनेने एव्हाना टॅब काढला होता. "पंच्याऐंशी, नक्की ना ताई?"

ताईच्या जिभेवर 'शंभर' आलं होतं. अगदी टोकावर. "पंच्याऐंशी," ती म्हणाली. "मोजलीय मी."

"वाटी तू नेलीस ते मला त्याच दिवशी कळलं होतं," आई म्हणाली. "फळीवर तिची गोल खूण राहिली होती. एवढी लहान असेल असं मात्र कधी वाटलं नाही, माझ्या हाताला ती मोठीच लागायची. ती गेल्यावर मी सगळं अंदाजानेच घालत आले. वाटी तुझ्याकडे, म्हणून वही हिला दिली. म्हटलं, कधीतरी दोघी एका ओट्याशी उभ्या राहाल."

मग तिने खळग्यातून हात काढला आणि ताईचा हात धरला. "करतेस ना गं तू त्या वाटीने मोजून केक?"

बावीस वर्षांत ताईने त्या वाटीने फक्त एकदा पाणी मोजलं होतं.