सर अडकलेत

आमच्या प्राचार्यांना एका कार्यशाळेत ज्ञानप्राप्ती झाली. विद्यार्थ्याचं लक्ष फक्त सहा मिनिटं टिकतं, हे तिथल्या तज्ज्ञाने त्यांना पावणेदोन तास बोलून पटवून दिलं. परत आल्या आल्या त्यांनी मला बोलावलं. मी या महाविद्यालयात सव्वीस वर्षं रंगभूमी, साहित्य आणि युरोपातल्या प्रबोधनकाळातल्या कला यांचा इतिहास शिकवतो. लक्ष टिकत नसेल तर पहिला संशय माझ्यावर येणार, हे ओघानेच आलं.

"सर, तुमचा सगळा विषय व्हिडिओत आणायचा. सहा-सहा मिनिटांचे चाळीस तुकडे," ते म्हणाले.

"आणि माझा वर्गातला तास?"

"तो मोकळा होईल ना! तुम्हालाही जरा आराम."

प्राचार्य ज्याला आराम देऊ करतात तो माणूस वर्षभरात दिसेनासा होतो. माझ्या आधी तत्त्वज्ञानाच्या बाईंना आराम मिळाला होता. त्यांच्या खोलीत आता झेरॉक्सचं यंत्र आहे, आणि ते बाईंपेक्षा जास्त वेळा बिघडतं. मी म्हटलं, निदान मुलांना तरी विचारा. विचारायला प्राचार्यांची कधीच हरकत नसते, कारण विचारायचं म्हटलं की फॉर्म छापता येतो.

"विचारू की! सगळे व्हिडिओ झाले की एकदा वर्गात तास घ्या. आलेल्या मुलांकडून फॉर्म भरून घेऊ. 'वर्ग हवा' की 'व्हिडिओ पुरेसा'. निम्म्याहून जास्त मुलांना वर्ग हवा असेल तर तुमचा तास राहिला. मग तर झालं?"

म्हणजे व्हिडिओ जितके चांगले होतील, तितका मी लवकर बाहेर. घरी हे सांगितलं तर बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "मग रटाळ करा. त्यात तुम्हाला अवघड काय आहे?" ती तीस वर्षं परिचारिका होती. सगळी दयामाया रुग्णांवर खर्च झाली, घरी आणायला उरली नाही.

पण माझा स्वभाव आड आला. मला चारचौघांसमोर वाईट शिकवता येत नाही. चांगलं येतं की नाही हा वेगळा प्रश्न, पण मुद्दाम वाईट नाही येत. मी रात्रंदिवस टिपणं काढली आणि स्वतःच्या हाताने स्वतःची बदली करायला बसलो.

व्हिडिओ काढायची खोली म्हणजे ग्रंथालयातली जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांची खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या. यंत्रं तापू नयेत म्हणून आत एवढा गारठा ठेवलेला असे की तिथला तंत्रज्ञ बारा महिने गळ्यात मफलर गुंडाळून बसायचा. सगळे त्याला मफलरच म्हणत. पगारपत्रकावर काय नाव आहे देव जाणे.

तिथे मी छपाईचा शोध सहा मिनिटांत लावला. मुखवट्यांची नाटकं सहा मिनिटांत उरकली. ज्या भिंतीवर चित्रकारांच्या पिढ्या खपल्या, तिला दीड मिनिट दिलं. त्या काळी रंगमंचामागे रंगवलेला रस्ता फक्त राजाच्या खुर्चीतून सरळ दिसायचा, बाजूला बसलेल्यांना घरं कलंडलेली दिसायची, हेही सांगितलं. ते ऐकून प्राचार्य इतके खूश झाले की त्यांनी प्रवेशद्वारावर फलकच लावला: 'आमच्याकडे प्रत्येक विद्यार्थी राजाच्या खुर्चीत!' बरेचसे राजे अंथरुणात लोळत बघायचे, ते सोडा.

पंचविसावा व्हिडिओ शोकांतिकेचा. या धड्याला मी दरवर्षी एक प्रवेश वाचून दाखवतो. म्हातारा व्यापारी बंदरावर मुलाची वाट बघत उभा आहे. जहाज येतं, मुलगा येत नाही. खलाशी सांगतो, तो वाटेतच गेला. बाप रडत नाही, ओरडत नाही. एवढंच विचारतो, "जेवला होता का तो?" इथे मी थांबतो. दहा सेकंद एक शब्द बोलत नाही, नुसते चेहरे बघतो. सव्वीस वर्षांत एकदाही असं झालं नाही की कुणीच मान खाली घातली नाही. खरं सांगायचं तर मी हा विषय त्या दहा सेकंदांसाठीच शिकवतो. कॅमेऱ्यापुढेही मी सवयीने थांबलो.

व्हिडिओ तयार झाले आणि बायकोने मोबाइलवर बघायला सुरुवात केली. "तुम्हाला मध्येच बंद करता येतं, ही सोय तीस वर्षांत पहिल्यांदाच मिळाली," असं आधी बजावून झालं. पंचविसाव्याला मात्र तिने मला हाक मारली.

"अहो, हा बाप फारच घाईत आहे हो."

मी ऐकलं. माझाच आवाज एका दमात म्हणत होता, "जेवला होता का तो आता आपण नेपथ्याकडे वळू."

दुसऱ्या दिवशी मी तडक गाद्यांच्या खोलीत गेलो. "माझी शांतता कुठे गेली?"

"काढली ना," मफलर शांतपणे म्हणाला. "अर्ध्या सेकंदावर कोणी गप्प बसलं की यंत्र आपोआप कापतं. चाळीस व्हिडिओंत मिळून तुमची एक तास अकरा मिनिटं निघाली, सर. एवढी कोणाचीच निघाली नव्हती."

"आणि टाकून दिलीस?"

"मग ठेवू कुठे? मला वाटलं, तुम्हाला पुढचं आठवत नाहीये. म्हटलं, आपल्या सरांची लाज राखावी."

माझी लाज राखणारा सबंध महाविद्यालयात तो एकटाच निघाला, आणि त्यानेच माझा गळा कापला होता.

अखेर तो तास आला. पटावर बेचाळीस मुलं, त्यांतली नऊ हजर. प्राचार्यांनी टेबलावर फॉर्मचा गठ्ठा ठेवला, मुलांकडे बघून हसले आणि निघून गेले. मी सुरुवात केली. पाच मिनिटांत पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

"सर, तुम्हाला बरं नाहीये का?"

"का गं?"

"नाही, खूप हळू बोलताय."

मागाहून उलगडा झाला. सगळेच मला दुप्पट वेगाने बघत होते. माझा खरा आवाज त्यांनी आज पहिल्यांदाच ऐकला होता, आणि काहींना तो पसंत पडलेला दिसत नव्हता. मी तरीही दामटून पुढे गेलो. बंदर आलं, जहाज आलं, खलाशी आला. "जेवला होता का तो?" असं म्हणून मी थांबलो.

पाच सेकंद झाले. खिडकीजवळच्या मुलाने माझ्या दिशेने हात हलवून बघितला. मागून कुणीतरी कुजबुजलं, "अडकले." एक जण उठून बाहेर पळाला. मला सगळं दिसत होतं, पण आता मीही हट्टाला पेटलो. दहाचे वीस झाले, विसाचे तीस. तेवढ्यात धापा टाकत मफलर दारात आला, हातात कसलीशी वायर.

"सर अडकलेत म्हणाला हा..."

"श्श!" पहिल्या बाकावरच्या मुलीने त्याला दटावलं.

तो तिथेच उभा राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग फळ्याकडे, मग मुलांकडे. कुणी हलत नव्हतं. खिडकीजवळच्या मुलाने मान खाली घातली होती. मफलर हळूच शेवटच्या बाकावर टेकला आणि त्याने वायर मांडीवर ठेवली. बऱ्याच वेळाने तो हलक्या आवाजात म्हणाला, "जेवला होता का, सर?"

"खलाशी सांगत नाही," मी म्हणालो. मग घाईघाईने वळून फळा पुसायला लागलो. फळ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं.

तास संपला तेव्हा मुलं लगेच उठली नाहीत. मला वाटलं, जिंकलो. सव्वीस वर्षांत एवढा आनंद झाला नव्हता.

प्राचार्यांनी माझ्यादेखत फॉर्म मोजले. चार जणांना वर्ग हवा होता, चौघांना व्हिडिओ पुरेसा होता. नववा फॉर्म पहिल्या बाकावरच्या मुलीचा. तिने 'व्हिडिओ पुरेसा'वर खूण केली होती आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'सर मध्येच थांबले ते खूपच आवडलं. कधी विसरणार नाही. तेवढ्या भागाचा व्हिडिओ मिळेल का?'

"बघा!" प्राचार्यांनी टेबलावर थाप मारली. "मागणी आहे तुम्हाला! उद्याच काढून टाका. दहा सेकंदांचं तर काम आहे."

त्या दिवशी घरी बायकोने एकही टोमणा मारला नाही. त्यावरूनच मला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

सकाळी मी गाद्यांच्या खोलीत जाऊन बसलो. मफलरने दिवा लावला. "या वेळी हात लावणार नाही, सर. शपथ. तुम्ही थांबा हवं तेवढं." मग कानांवर हेडफोन चढवून तो पडद्यावरच्या आवाजाच्या रेषेकडे बघत बसला. ते त्याचं कामच.

मी म्हटलं, "जेवला होता का तो?" आणि थांबलो. सवयीने चेहरे शोधले. समोर काच होती, काचेवर लाल ठिपका होता. दोन सेकंदांत माझ्या तोंडून पुढचं वाक्य निघून गेलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पाच वेळा झालं. थांबायचं कसं ते मला माहीत होतं, पण कुणासाठी थांबायचं तेच कळेना. पाचव्या वेळेनंतर मफलर हेडफोन काढून म्हणाला, "राहू द्या का, सर?"

"नको, चालू ठेव," मी म्हणालो आणि बाप, बंदर, नेपथ्य, सगळं एका दमात सहा मिनिटांत सांगून टाकलं. मफलरला काहीच कापावं लागलं नाही.