पिंडीखालचे बुवा

आबा गेले ते श्रावणातल्या रविवारी, सकाळचा चहा पिऊन. बाकीचे सहा दिवस मोकळे होते, ह्यांना बी रविवारच सापडला, असं गावाला वाटलं. तोंडावर कुणी बोललं न्हाई, पण लोकांची तोंडं वाचता येतात मला. दुसऱ्या दिवशी सोमवार, बुवेश्वर महादेवाला गर्दी. हसनाबादपासून भोकरदनपर्यंतची माणसं पाण्याचे तांबे घेऊन येणार, आन् त्याच मंदिराच्या पुजाऱ्यानं आदल्या दिवशी मरावं म्हणजे काय!

आम्ही गोसावी. आमच्यात माणूस जाळत न्हाईत, जमिनीत समाधी देतात. आन् आडवं बी ठेवत न्हाईत. जीव गेला की अंग ताठायच्या आत मांडी घालून बसवायचं, भिंतीला टेकवून काखेतून फडकं बांधायचं, कपाळाला भस्म, गळ्यात रुद्राक्ष, आन् तसंच बसलेलं खाली उतरवायचं. ताठला की तो माणूस परत आडवा होत न्हाई. हे ध्यानात ठेवा, कारण आमच्या गावाच्या ध्यानात राह्यलं न्हाई.

मी टेंभुर्णीला दिलेली. आबाला बरं न्हाई म्हणून आठवड्यापासून माहेरीच होते. मी आन् माझा धाकटा भाऊ कल्याण, आम्ही दोघांनी मिळून आबाला बसवलं. माय बाजूला बेलाची पानं निवडत बसली, तुटकी वेगळी, चांगली वेगळी. ती रडली न्हाई. म्हणाली, जागा तर ठरलेलीच हाय, खड्डा जल्दी घ्या.

ठरलेली होतीच. गावाच्या वरच्या अंगाला चिंचेचं टेकाड हाय. आमच्या गावाचं नाव बुवाची वाडी. कोणते बुवा म्हणून आज कुणालाबी विचारा, लोक डोकं खाजवतील. आबा सांगायचे, निजामाच्या राज्यात दुष्काळानं उठलेली चार-सहा घरं पाणी हुडकत इकडं आली, तवा इथं नुसत्या बोरीबाभळी होत्या. त्यांच्या संगं एक गोसावी होता, सहदेव गिरी. त्यानं ओढ्याकाठी चिमटा रोवला आन् म्हणाला, इथं खणा. पाणी लागलं, गाव बसलं. बसलेल्या गावात पहिला मेला तो बी तोच. त्याला टेकडावर समाधी दिली. मंग त्याचा लेक, सून, नातवंडं, असं करत आमचं सगळं घराणं त्या चिंचेखाली जाऊन बसलं. ह्या गावात देवळाच्या, शाळेच्या, चावडीच्या आधी काही झालं असंल तर ते आमचं मसनवट.

आता गोसाव्याच्या समाधीवर महादेवाची पिंड ठेवायची रीत हाय. तीच आम्हाला नडली. सहदेव बुवाच्या पिंडीला कुणी जाता-येता हात जोडले, कुणी पाणी घातलं, कुणाला नवसानं पोरगं झालं, आन् बघता बघता आमच्या बुवाचा महादेव झाला. माझ्या आज्यानं न्हाई म्हटलं न्हाई. आबानं तर बिलकुल न्हाई. रोज पहाटे पिंडीला तेल लावायचे, घंटा वाजवायचे, लोकांनी दिलेला शिधा धोतराच्या सोग्यात घेऊन घरी यायचे. लहानपणी मी विचारलं व्हतं, आबा, तो महादेव हाय का आपले बुवा? हसले. म्हणाले, बुवाच हायत, लोकांना महादेव दिसतो तर दिसू दे, पाणी तर बुवालाच पडून राह्यलंय. असले आमचे आबा, भोळे सांब. मला त्या भोळेपणाचाच लई राग येतो.

मंग कमिटी झाली. सभामंडप झाला, लोखंडी गेट झालं, अंगणात रंगीत फरशी बसली. बाकीच्या समाध्या त्या फरशीखाली गेल्या. त्यांच्यावरच्या लहान पिंडी कमिटीनं गोळा केल्या, भिंतीपाशी रांगेत मांडल्या, रंगवल्या आन् वर पाटी लावली, बारा ज्योतिर्लिंगं. अकराच भरत होत्या म्हणून एक जालन्याहून विकत आणली. हसावं का रडावं तुम्हीच सांगा. आबा तिथंच उभे राहून बघत होते. चिंचेखालचा एक कोपरा तेवढा फरशीवाचून राह्यला, माझ्या आज्याच्या शेजारचा. आबा काठी टेकवून दाखवायचे, इथं, माझ्या बापाच्या डाव्या हाताला.

कल्याण कुदळ-फावडं घेऊन गेला तर गेटला कुलूप. मागोमाग तातेराव आमच्या घरी आले, कमिटीचे अध्यक्ष. माणूस वाईट न्हाई, खोटं का बोलू. चपला बाहेर काढल्या, आबाच्या पायाला हात लावला, मायपुढं बसले. मंग गोड आवाजात म्हणाले की मंदिराच्या आवारात मढं पुरता यायचं न्हाई, उद्या तर सोमवार. गावच्या स्मशानात पत्र्याचं शेड हाय, लाकडं कमिटी देईल, न्हाईतर ओढ्याकडंचं गायरान हाय. मी विचारलं, बसलेल्या माणसाला सरणावर कसं चढवता, घडी घालून का? तातेराव उठले, चपला घालून निघून गेले. कल्याण गायरानात जाऊन खड्डा घ्यायला लागला तर कुदळीमागं पाणी वर आलं, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरून परत आला. त्यानं पोलीस पाटलाला फोन केला, तालुक्याला केला. रविवार हाय, उद्या बघू, असं समदे म्हणाले. ज्यांच्या घरी आबानं सत्यनारायण सांगितला, बारशाला भस्म लावलं, त्यांच्यातलं एकबी दार उघडून बाहेर आलं न्हाई. गरज सरो आन् वैद्य मरो.

सोमवारी सकाळी आबाची मान एका बाजूला कलली होती. हवा कोंदट, माश्या हटंनात. उदबत्त्या लावल्या तरी वास दबंना. माय पदरानं वारा घालत होती, हात थांबवायला तयार न्हाई. मी म्हटलं, माय, जरा टेक. तर तिनं माझ्याकडं बघितलं.

"दैवशाला, त्यांना लई वेळ बसवून ठेवू नका. पाठ दुखायची त्यांची."

तेवढं ऐकलं आन् माझ्या डोक्यात सणक गेली. कल्याण मागून ओरडत राह्यला, मी कुदळ उचलली आन् टेकाड चढले.

गेट आता उघडं होतं. बायाबापड्यांची रांग पार पायऱ्यांखाली आल्ती, स्पीकरवर गाणी चालू. बायका मला बघून सरकल्या, सुतक हाय ना मला. मी थेट पिंडीपाशी जाऊन उभी राह्यले. आवाज माझा मोठाच हाय, त्यात त्या दिवशी काही राखून ठेवलं न्हाई.

"हा महादेव न्हाई. हे आमचे सहदेव बुवा हायत, तुमचं गाव बसवणारे. मांडी घालून खाली बसलेत. आन् भिंतीपाशी ज्यांना रंग फासलाय, ते अकरा बी माझीच माणसं हायत. त्यांच्या शेजारी माझ्या बापाला हातभर जागा द्या."

कुणीतरी स्पीकर बंद केला. रांगेत सगळ्यात पुढं द्वारकाबाई होती, आबापेक्षा चार वर्षांनी मोठी, हातात तांब्या. तिचा हात तिथंच थांबला. मागं एका पोरीनं तोंडातलं तीर्थ थुंकलं. मी ते बघितलं. माझ्याच माणसाचं पाणी व्हतं ते.

तातेराव जवळ आले. मला वाटलं, हात धरून बाहेर काढतील. त्यांनी आवाज खाली घेतला, मला एकटीला ऐकू जाईल इतकाच.

"कुदळ आणलीच हायेस तर उकर, पोरी. बुवा निघाले तर तू खरी. पण मंग लोक मढ्याला पाणी घालणार न्हाईत, आन् बांधलेलं मंदिर बी मोडणार न्हाईत. खालचे समदे काढतील आन् ओढ्याला टाकतील. मला थांबवता यायचं न्हाई."

धमकी न्हवती ती. धमकी असती तर मी कुदळ घातली असती. त्यांना आपलं गाव ठाऊक होतं, आन् मला बी ठाऊक होतं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. खरं केलं तर सगळं घराणं जागेवरून उठतंय, खोटं केलं तर आबा दारात बसून सडतायत. मला इतकं एकटं कधी वाटलं न्हाई, नवरा गेला तवा बी न्हाई.

द्वारकाबाईनं माझा दंड धरला.

"खरं सांग गं बाई. माझं लेकरू मी ह्याच्याच पायावर घातलं व्हतं."

मी पिंडीकडं बघितलं. बरं नसताना बी आबानं शनिवारी जाऊन लावलेलं तेल अजून तिच्यावर चकाकत होतं.

"महादेवच हाय," मी म्हणाले. "आबा गेले म्हणून डोकं फिरलंय माझं."

रांगेनं श्वास सोडला. कुणीतरी म्हणालं, बिचारी. स्पीकर परत सुरू झाला. द्वारकाबाईनं आपला तांब्या माझ्या हातात दिला, सुतक-बितक विसरून, म्हणाली, घाल बाई, मन शांत होईल. मी पाणी घातलं. घालता घालता मनात बुवाची माफी मागितली. आबाला तुमच्यापाशी आणता आलं न्हाई, म्हटलं, आन् तुम्हाला मी आत्ता चारचौघांत नाकारलं. कुदळ खांद्यावर टाकून मी टेकाड उतरले. कुणी अडवलं न्हाई.

त्याच कुदळीनं आम्ही अंगण खणलं, चूल आन् रस्ता ह्यांच्या मधलं. अंगण ते केवढं, दोन बाजा टाकल्या की भरतं. टेंभुर्णीहून माझ्या सासरचे भाऊबंद आल्ते, त्यांनी हात लावला. आबाला तसंच बसलेलं उतरवलं, भवताली मीठ भरलं, मायनं निवडलेली बेलाची पानं डोक्यावर घातली. तोंड टेकडाकडं केलं. वरून घंटेचा आवाज येत होता, दुसराच कुणीतरी वाजवत होता, आन् बराबर वाजवत न्हवता. मला रडू आलं ते तवा.

समाधीनंतर गोसाव्यांना जेवण घालतात त्या भंडाऱ्याला कल्याणनं जालन्याहून पिंड आणली, काळ्या दगडाची, चांगली घडवलेली. मी म्हटलं, ठेवायची न्हाई. तो चिडला. कधी चिडत न्हाई तो. म्हणाला, गोसाव्याची समाधी पिंडीवाचून असती का, उद्या इथं कोण हाय ते कुणाला कळणार?

"नको कळू," मी म्हणाले. "कळलं की घेऊन जातील."

पिंड अजून पोत्यात गुंडाळून माळ्यावर हाय. माय रोज सकाळी आबाच्या डोक्यावरची जागा शेणानं सारवते आन् तिथंच बसून तांदूळ निवडते. परवा सोमवारी मंदिराकडं जाणारी एक परगावची बाई आमच्या दारात थांबली. सारवण बघून, बाजूला पडलेलं बेलाचं पान बघून तिनं तांब्या खाली ठेवला आन् विचारलं, मावशी, इथं कोणता देव हाय?

मायनं सुपातून मान वर केली न्हाई.

"कोणता बी न्हाई, बाई," ती म्हणाली. "इथं चूल घालायचीय."