खजुरीवरची साक्ष

"बोलली! पाखरं आज पुन्हा बोलली!"

दाखला नावाच्या वाळवंटातल्या मरूद्यानातली माणसं शेतं टाकून वहीबाच्या दारात धावली. तिच्या खजुरीवर कावळे, बुलबुल, चिमण्या जिवाच्या आकांताने ओरडत होत्या, शेंड्यावर झडपा घालत होत्या. खाली गर्दी, आणि सगळ्यांच्या माना खाली. अशा वेळी वर पाहिलं की घरातलं माणूस जातं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

ताईत-दोरे देणारा शेख मब्रूक डोळे मिटून डोलत होता. "शहाताचा आत्मा बोलतोय! म्हणतोय, मी पडलो नाही, मला पाडलं! बायकोनं!"

"ऐकलंस ना, वहिनी? घर सोड," वहीबाचा दीर अतिय्या म्हणाला. "पोरगी आमच्याकडे राहील."

याच खजुरीवर, फळ धरावं म्हणून फुलोऱ्याला पराग बांधायला चढलेला तिचा नवरा शहाता दोर तुटून पडला होता. पाखरांच्या त्या कलकलाटात वहीबाला त्याची शेवटची हाक ऐकू येई. हल्ली ती स्वतःच्याच हातांकडे संशयाने बघायची. पण पोरगी रडत बिलगली, तेव्हा तिने झाडावर चढायला कमरेला दोर आवळला.

"शहाता असेल तर माझ्याशी बोलेल की!"

"मरशील बये!" अतिय्या ओरडला.

"मेले तर तुमचंच काम हलकं होईल, भाऊजी."

पाखरांचे पंख तोंडावर आपटत होते. शेंड्याशी पोचल्यावर तिने भीत भीत डोळे उघडले. झावळ्यांच्या बेचक्यात एक लहानसं घुबड थरथरत होतं. पाय ताईताच्या हिरव्या दोऱ्याने झावळीला बांधलेला, शेजारी अर्धा उंदीर. झाडाला ताईत बांधायला दर पहाटे शेखच तेवढा वर चढत असे.

दोरा झावळीपासून सोडवून, ओढणीत गुंडाळून तिने घुबड खाली आणलं आणि दोरा हातात धरून शेखच्या खांद्यावर ठेवलं. पाखरं सरळ त्याच्या पागोट्यावर तुटून पडली.

"आता बोला शेखजी, तुम्ही कुणाला मारलंत?"

कोणीतरी फिसकन हसलं. एकेक मान वर झाली. अतिय्याची मात्र खालीच राहिली.

"घुबड रात्री पिल्लं खातं, म्हणून दिवसा सापडलं की पाखरं त्याला हुसकावतात," वहीबा म्हणाली. "ज्याची भीती, त्याच्याकडे ती डोळे उघडून बघतात. आपण एवढी माणसं, माना खाली घालून उभे राहिलो! बघत जा रे बाबांनो, वर बघत जा."

तिने घुबडाच्या पायाचा दोरा सोडला. घुबड उडालं आणि पाखरांचा सगळा कलकलाट त्याच्यामागे दूर गेला.

खजुरी गप्प झाली. शहाता तिथे नव्हताच, एकदाही नव्हता. वहीबाने बुंध्याला कपाळ टेकलं आणि तो गेल्यापासून पहिल्यांदाच त्याच्यासाठी रडली.