गॅलरीतलं ‘आवजो’

शालिनीबाई गेल्या आणि बळवंतरावांनी बोलणंच टाकलं. स्मशानातून परतल्यापासून शब्द नाही, धड घास नाही. ताट पुढे ठेवलं की भात चिवडायचा आणि पुन्हा गॅलरीकडे बघत बसायचं. मुलगा समरजित पुण्याहून आला होता. त्याने आपल्याबरोबर वडिलांचंही परतीचं तिकीट काढून ठेवलं होतं. बडोद्यातल्या गोत्रीच्या त्या फ्लॅटमध्ये एकट्या माणसाने काय भिंतींशी बोलायचं, हा त्याचा मुद्दा. बहीण निरुपमाला तो पटत होता आणि पटतही नव्हता. बडोदं सुटलं तर बाबा उरतील किती, या धास्तीने तिचा जीव टांगणीला लागला होता. पण विचारावं, तर बाबा बोलायला हवेत ना.

बळवंतरावांचे पणजोबा गायकवाडांच्या फौजेत होते. पणजोबांची तलवार कुठे गेली कुणास ठाऊक, ऐट मात्र शाबूत राहिली होती. बाजारात गुजराती, घरात मराठी, हा घरचा कायदा. तो रोज मोडायच्या एकट्या शालिनीबाई. जिना उतरून जाणाऱ्या प्रत्येकाला त्या गॅलरीतून वाकून ‘आवजो’ म्हणायच्या. पुन्हा या, एवढाच त्याचा अर्थ, आणि निघणाऱ्यानेही उलट तोच शब्द म्हणायचा. पण दूधवाला, टपालवाला, गॅसचा सिलिंडर आणणारा, कुणी त्यातून सुटायचं नाही. बळवंतराव चिडवायचे, अगं दूधवाल्याला काय बोलावतेस, तो हाकललं तरी उद्या येणार आहे. त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं. न बोलावता येतो, म्हणूनच त्याला बोलवायचं.

शेवटच्या संध्याकाळी इस्पितळातून घरी निघालेल्या नवऱ्यालाही त्या खाटेवरून हसून ‘आवजो’ म्हणाल्या होत्या. हे नेहमीसारखे मान उडवून चालू पडले. पहाटे फोन आला. त्या ‘आवजो’च्या वेळी निरुपमा खाटेशीच बसलेली होती, म्हणून बाबांच्या गप्पपणाचं मूळ तिला ठाऊक होतं आणि त्याला कसा हात घालावा ते कळत नव्हतं.

बेसणं ठेवायचं ते शेजारच्या विमळाबेननी ठरवलं. गेलेल्या माणसाच्या फोटोसमोर लोकांनी येऊन घटकाभर बसायचं, ही त्यांच्याकडची रीत. समरजित कुरकुरला की आपल्यात हे नसतं आणि आईसाठी येऊन येऊन येणार कोण, चार शेजारी. विमळाबेननी त्याच्याकडे साफ दुर्लक्ष केलं आणि सोसायटीच्या फळ्यावर वेळ लिहून टाकली. मग निरुपमाला बजावलं की लोक फूल वाहतील, गप्प बसतील, हात जोडून जातील, घरच्यांनी उठायचं नाही.

“अने बेटा, आवजो तो ना ज कहेवाय,” त्या म्हणाल्या.

दुःखाच्या घरी पुन्हा या म्हणणं म्हणजे दुःखालाच आवतण. निरुपमाला ते लगेच पटलं. आपल्याकडेही अशा घरातून निघताना कुणी ‘येतो’ म्हणत नाही.

दुपार कलली आणि माणसं यायला लागली. आधी शेजारीपाजारी, मग फतेगंजच्या जुन्या चाळीतल्या बायका, मग निरुपमाने कधीही न पाहिलेली माणसं. पांढरी लुगडी, पांढरे सदरे. जिन्यात चपलांचा खच पडला. बसायची खोली भरली, जिना भरला, तेव्हा केयूर नावाच्या रिक्षावाल्याने कुणाला न विचारता खाली लिंबाखाली सतरंज्या टाकल्या. समरजितचे चार शेजारी कुठल्या कुठे बुडाले. एवढी माणसं, आणि पंख्याच्या घरघरीखेरीज आवाज नाही. आपण हिला नुसती आई समजत होतो, असं निरुपमाच्या मनात आलं, आणि इतके दिवस अडलेलं रडू मोकळं झालं. समरजितने तिचा हात धरला. त्याचेही डोळे वाहत होते.

वेळ संपली तशी माणसं हात जोडून एकेक करून उतरू लागली आणि खाली अंगणात घुटमळली. सर्वांत शेवटी उठली मंगुबेन, करजणहून टोपली घेऊन येणारी म्हातारी भाजीवाली. ती जिना उतरली, फाटकापर्यंत गेली आणि थांबली. मग वळून तिने वर गॅलरीकडे पाहिलं. सवयच ती. रोज तिथून शब्द यायचा आणि मग ती पुढे जायची. आज तिथे कुणी नव्हतं, तरी तिचा पाय काही उचलेना.

बळवंतराव उठले. निरुपमा सावरायला धावली तोवर ते गॅलरीत पोचले होते. कठड्यावर दोन्ही हात टेकून ते अगदी बायकोसारखे खाली वाकले.

“आवजो,” ते म्हणाले.

घरातली, अंगणातली सगळी माणसं जागच्या जागी थिजली. विमळाबेननी पदर तोंडाला लावला. समरजित पुढे झाला, पण निरुपमाने त्याला अडवलं. बाबांची चूक झालीय की त्यांना जे हवं तेच झालंय, हे तिला कळेना. इस्पितळात द्यायचं राहून गेलेलं उत्तर त्यांनी आत्ता दिलं, एवढंच तिला वाटलं.

मंगुबेनने तोंड पुसलं. “सवारे आवीश, साहेब.” सकाळी येईन.

मग लिंबाखालून कुणीतरी वर बघून हळूच म्हणालं, आवजो. दुसऱ्याने म्हटलं. तिसऱ्याने म्हटलं. रस्त्याला लागलेले लोक मागे वळले. जो शब्द त्या दिवशी कुणी उच्चारायचा नव्हता, तो सगळं अंगण वर बघून म्हणत होतं, आणि मान उडवणारे बळवंतराव एकेकाला मान लववून तो घेत होते. निरुपमा दारात उभी राहून बघत राहिली. इतकं मोठं काही तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

अंगण रिकामं झाल्यावर ते आत आले आणि पानावर बसल्यासारखे मांडी घालून बसले. निरुपमाने भात वाढला. ते जेवू लागले. समरजितने चाचरत तिकिटाचं काढलं.

“मी कसा येऊ, बाळ?” बळवंतराव म्हणाले. “सकाळी ती म्हातारी यायचीय. ती निघेल तेव्हा वर कुणी नको का?”